वीसच्या स्पीडची थरथर

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी गाडी ऐंशीने कुठली पळणार? त्यामुळे इथल्या तक्रारी वीस-तीसच्या स्पीडच्या. टायरवाल्याचं उत्तर मात्र ठरलेलं : बॅलन्सिंग करून घ्या.

•

असंतुलित चाकाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ला जेवढा, त्याचा २० ला सोळावा हिस्सा. स्टिअरिंग ८० ला हललं तर वजनं लावा. फक्त २० ला हललं तर पैसे खिशातच राहू द्या.

•

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ३० ला न्यूट्रल करायचं. थरथर तशीच राहिली तर चाक-टायर बघा. थांबली तर इंजिन, माउंटिंग, क्लच नाहीतर एक्सल.

•

१५ इंची रिमचं चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं. ३६ च्या स्पीडला सेकंदाला पाच फेऱ्या. हे ठोके हाताला सुटेसुटे कळतात. तीन सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला २० वेळा पेटतं. ते मोजता येत नाही, सीटमधून नुसती झिणझिण येते. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत यासाठी सेन्सर लावतात. आपल्याकडे तळहात आणि बूड.

•

चाकणच्या पट्ट्यातला खरा आजार हाफ क्लचचा. शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर एकदम रस्त्यावर येतात, आणि मोशीपर्यंत पाय क्लचवरून उठत नाही. प्लेट तापून गुळगुळीत होते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. मग पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी थडथडते आणि क्लच पूर्ण सोडला की शांत होते. एवढं सांगितलं तरी मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. पण माउंटिंगचं रबर आधी बघायला सांगा, तेही असंच वागतं आणि स्वस्तात सुटतं.

•

टायरच्या आतले पट्टे सुटले की ट्रेडवर उंचवटा येतो. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं की दिसतो. साधं बॅलन्सिंग मशीन वजन सांगतं, गोलाई नाही. असा टायर काढूनच टाकायचा, स्टेपनीलाही नको.

•

ब्रेक मारल्यावरच पेडल पायाखाली नाचलं तर डिस्क. भोसरीच्या कारखान्यात दिवसभर डायल गेज लावून दहा मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करणारा माणूस स्वतःच्या डिस्कला मात्र डायल लावत नाही! दोन-चार थाऊंचा, म्हणजे इंचाच्या दोन-चार हजारांशांचा, फरक पुरतो. आधी हबवरचा गंज घासून पुन्हा मोजावं. पंक्चरवाल्याने गनने एकेक नट ओढून आवळले असतील, तर ते सैल करून समोरासमोरचे, पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. लेथचा खर्च त्यानंतर.