गाडीने दहा मिनिटे

अंतर मोजण्याच्या रीती काळाबरोबर बदलत जातात. आमचे आजोबा कोसांत बोलत, वडील मैलांचा हिशेब करीत आणि आम्ही शाळेत किलोमीटर शिकलो. हल्ली मात्र यांपैकी एकही माप फारसे कानी पडत नाही. एखाद्याला विचारावे, “आपले घर येथून किती लांब?” तर तो चटकन सांगतो, “लांब कसले? गाडीने दहा मिनिटे!” हे उत्तर मीही पुष्कळदा दिले आहे. त्यात असत्य काहीच नसते. फक्त ‘गाडीने’ हा शब्द आपण हळूच उच्चारतो आणि ‘दहा मिनिटे’ हे शब्द मात्र ठासून सांगतो!

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, बीड बायपासच्या पलीकडे, साताऱ्याच्या डोंगराखाली माझे घर आहे. सातारा म्हणताच तुम्हांला अजिंक्यताऱ्याची आठवण होईल. पण हा सातारा तो नव्हे. हे आमच्या शहराला लागून असलेले, खंडोबाच्या देवळाचे गाव. चंपाषष्ठीला येथे यात्रा भरते आणि सारा परिसर भंडाऱ्याने पिवळा होऊन जातो. मुख्याध्यापकाच्या पगारातून जी शिल्लक पडली होती, तिच्यात शहराच्या मध्यभागी एक खोलीही आली नसती. येथे मात्र शेतजमिनीचे तुकडे गुंठ्यांनी विकले जात होते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतांचे असे लहान लहान भाग पडून ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना ‘गुंठेवारी’ म्हणतात. महाराष्ट्रात ही घरे इतकी वाढली, की ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशाच एका वस्तीत दीड गुंठ्यावर मी घर बांधले आणि अंगणात एक कडुनिंब लावला.

या घराने मला काय दिले, हे सांगू लागलो तर वेळ पुरणार नाही. पहाटे टिटवीच्या आवाजाने जाग येते. श्रावणात समोरचा डोंगर असा हिरवागार होतो, की वाचता वाचता पुस्तक मिटून त्याच्याकडे बघत राहावे. रात्री अंगणात खाट टाकली, म्हणजे सप्तर्षी स्पष्ट दिसतात. ज्याने चाळीस वर्षे शाळेची घंटा आणि मुलांचा कलकलाट ऐकला, त्याला शांततेची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

माझे बालपण याच्या अगदी उलट ठिकाणी, राजाबाजारात गेले. तेथे शांतता औषधालाही सापडत नसे. बोळ अरुंद, गटारे उघडी, आणि टांग्यांचा खडखडाट पहाटेपासून सुरू होई. पण त्या गजबजाटाचा एक मोठा गुण होता. संस्थान गणपतीचे देऊळ हाकेच्या अंतरावर, गुलमंडीची बाजारपेठ चार पावलांवर आणि औरंगपुऱ्यातील पुस्तकांची दुकाने रमतगमत गेले तरी पाव तासाच्या आत! आई कढईत तेल तापत ठेवून मला मोहरी आणायला पिटाळी आणि तेल तापण्यापूर्वी मी परत आलेला असे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे नगर वसवले आणि नहर खोदून त्यात पाणी खेळवले. त्या काळी माणसे मुख्यतः पायीच हिंडत. त्यामुळे जुन्या शहराची मापे माणसाच्या पावलांची आहेत. नव्या वसाहतींची मापे चाकांची आहेत. आता मोहरी संपली, तर आधी गाडीची किल्ली शोधावी लागते, मग शिरस्त्राण चढवावे लागते. तोवर कढईतल्या तेलाचा धूर झालेला असतो!

गाडी चालवता येते तोवर या गोष्टीची मौजच वाटते. पण गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मला स्कूटर चालवण्यास मनाई केली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत माझी गणना एका नव्या गटात होऊ लागली. त्या गटात शेजारची सहावीत शिकणारी मुलगी होती आणि समोरच्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या काकू होत्या. एकीचे वय परवाना मिळण्याइतके झाले नव्हते. दुसरीने जन्मात कधी वाहन हाती धरले नव्हते. आमचे तिघांचे दुखणे एकच. बाहेर जायचे, तर कोणीतरी नेईल तेव्हाच जायचे.

वैशाखातल्या एका दुपारी काकूंना एकाएकी घेरी आली. त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता आणि सून शहरात नोकरीवर होती. गल्लीत एरवी दहा-बारा दुचाक्या आणि दोन मोटारी दिसतात. पण ती वेळ अशी, की सगळी घरे कुलूपबंद. माझी स्कूटर तेवढी अंगणात उभी होती आणि तिच्याकडे बघत मी नुसता उभा होतो. शेवटी ती मुलगी रणरणत्या उन्हात बायपासपर्यंत धावत गेली आणि रिक्षा घेऊन आली. काकू दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. देवाच्या कृपेने त्या बऱ्या झाल्या. संध्याकाळी ती मुलगी माझ्याजवळ बसून म्हणाली, “सर, दवाखाना गाडीने दहाच मिनिटे आहे ना? मग एवढा वेळ का लागला?”

इतकी वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. तिला मी पाटीवर हिशेब करून दाखवला. ताशी तीस किलोमीटर वेगाने दहा मिनिटांत पाच किलोमीटर अंतर कापले जाते. माणूस तासाला साधारण चार किलोमीटर चालतो. म्हणजे गाडीची दहा मिनिटे पायी चालणाऱ्याला सव्वा तास होतात! घर तेच, दवाखाना तोच. पण एकासाठी तो जवळ आणि दुसऱ्यासाठी दूर.

गाडीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. तेथे तयार होणाऱ्या दुचाक्यांनी आणि रिक्षांनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. गाडी नसती, तर माझ्यासारख्याला डोंगराखाली घर बांधण्याचे धैर्यही झाले नसते. प्रश्न एवढाच आहे, की वस्ती वसवताना गाडी नसलेल्या माणसाची आठवण कोणी ठेवली का?

ही आठवण ठेवणारी माणसे होऊन गेली आहेत. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड नावाचे एक लघुलेखक होते. शहराच्या सोयी आणि खेड्याची मोकळी हवा एकत्र नांदावी, असे त्यांनी १८९८ मध्ये आपल्या पुस्तकात मांडले आणि १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तसे नगर उभारण्यास आरंभ झाला. पुढे अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये एक साधा विचार सांगितला. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा असावी आणि मोठा रस्ता न ओलांडता मुलांना तेथे चालत जाता यावे. आमच्याच शहरात सिडकोने एन-१, एन-२ अशा नावांची जी नगरे आखली, त्यांत घरांच्या जोडीला शाळा, बाग आणि दुकाने यांसाठी आधी जागा राखल्या गेल्या. गुंठेवारीत प्रत्येक गुंठा विकला गेला. शाळेसाठी किंवा मैदानासाठी गुंठा मागे ठेवणारे तेथे कोणी नव्हते. पण हॉवर्डांच्या देशातही सगळ्या वस्त्या त्यांच्या मनासारख्या झाल्या नाहीत. माझा एक विद्यार्थी तेथील एका शांत, परवडणाऱ्या वसाहतीत राहतो. तो लिहितो, “सर, येथे सगळे छान आहे, पण दुधासाठीसुद्धा मोटार काढावी लागते.” पत्र वाचून मला हसू आले. साताऱ्याचा डोंगर त्याच्या दारापर्यंत पोहोचला होता म्हणायचा!

त्या वैशाखानंतर आमच्या गल्लीने थोडे हातपाय हलवले. कोपऱ्यावरच्या घरात किराण्याचे लहान दुकान निघाले. जवळपास राहणाऱ्या तीन रिक्षावाल्यांचे फोन क्रमांक प्रत्येक दाराशी लावले गेले. मुले आता एकत्र जमून, रांगेने शहर बसच्या थांब्यापर्यंत चालत जातात. मागे एक मोठे माणूस असते. तो थांबा जवळ यावा, असा अर्ज आम्ही महानगरपालिकेकडे केला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत. माझ्या ओसरीवर रोज संध्याकाळी पुस्तकांचे कपाट उघडते. त्याची नोंदवही तीच मुलगी लिहिते आणि पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला माझ्यापेक्षा कडक शब्दांत समज देते!

मुलांनो, तुमच्या घराभोवतीचा एक नकाशा काढून पाहा. शाळा, दुकान, दवाखाना, वाचनालय, मैदान, यांपैकी कोठे कोठे तुम्ही एकटे, निर्धास्तपणे पायी जाऊ शकता, तेथे खूण करा. उद्या तुमच्यापैकीच कोणी अभियंता होईल, कोणी नगरसेवक होईल, कोणी शहराचे आराखडे आखील. त्या वेळी सगळ्यांत वेगवान गाडी कोठून जाईल, हे जरूर पाहा. पण कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी बारा वर्षांच्या मुलाची आणि ऐंशी वर्षांच्या आजीची पावले मोजून घ्या. त्या पावलांना जे जवळ असेल, तेच खरोखर जवळ.