चित्र काढायला परवानगी कुणाची हवी?

चळवळीतल्या पोराने हातात ब्रश धरला की घरचे विचारतात, "याने पोट भरणार का?" कार्यकर्ते विचारतात, "वस्तीत पाणी नाही आणि तुम्ही चित्रं काढताय?" तिसरा प्रश्न आपणच स्वतःला विचारतो, "आपल्याला हे जमेल का?" या तिसऱ्या प्रश्नाने आम्हाला सहा वर्षे चित्रापासून दूर ठेवले.

झाले असे की, एका प्रदर्शनात आमची चित्रे पाहून एक जाणकार म्हणाले, "भावना चांगली आहे, पण शिक्षण दिसत नाही." शिक्षण नव्हतेच, आमचे एम.ए. समाजशास्त्रातले. घरी येऊन आम्ही वह्या पेटीत टाकल्या. १४ एप्रिलचे बॅनर तेवढे रंगवत राहिलो. ते समाजाचे काम होते, तिथे आमची परीक्षा नव्हती.

आज वाटते, हा न्यूनगंड आमच्या एकट्याचा नव्हता. हलगी वाजवणारे, चामड्याला आकार देणारे, दोर वळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांच्या कसबाला या व्यवस्थेने कला म्हटले नाही, जातीचे काम म्हटले. त्यांच्या लेकरांना आत्मविश्वास वारशात कुठून मिळणार? म्हणूनच 'स्वतःवर विश्वास ठेवा' हा नुसता उपदेश आम्हाला पोकळ वाटतो.

मग करायचे काय? वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले आणि पुढे आयुष्यभर गावोगाव गात राहिले. अण्णा भाऊ साठेंच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकत होते. आधी आत्मविश्वास येईल, मग काम करू, असे म्हणत यांपैकी कुणी थांबले नाही.

आमची पेटी उघडली ती अभ्यासिकेतल्या एका सातवीच्या मुलीमुळे. तिने बॅनर पाहून विचारले, "सर, माझ्या आजीचं काढाल? तिचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे." त्या रात्री काढले. नाक वाकडे आले. आजीने कागद बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "मीच हाय की."

तेव्हापासून वस्तीतून परतल्यावर रोज अर्धा तास बसतो. कधी पूर्ण चेहरा होतो, कधी नुसती चप्पल. बिघडलेले चित्र फाडत नाही, खाली तारीख टाकतो. जुनी पाने उलटली की हात सुधारलेला दिसतो. आमच्याकडे आहे तो आत्मविश्वास एवढाच, आणि तो या वह्यांतून आला.

राहिला पाण्याचा प्रश्न. पहाटे चारला नळावर उभ्या राहणाऱ्या बायाच आमच्या वहीत आहेत. त्यांच्यासाठी मोर्चा आम्ही काढतोच. त्यांचे चेहरेही आम्हीच काढायचे आहेत. दुसरे काढतील तेव्हा त्यांना फक्त आमची गरिबी दिसेल.

तेव्हा मित्रांनो, तुमची वही, हलगी, कविता जिथे पडली असेल तिथून आज बाहेर काढा. आणि विहाराच्या कमिट्यांना विनंती, एक भिंत आपल्या पोरांच्या चित्रांसाठी वर्षभर मोकळी ठेवा.

जय भीम!