फणेरपेटीतलं ग्वाल्हेर

पाहुणे आले की आपण ग्वाल्हेरकर त्यांना हमखास जयविलास महाल दाखवायला नेतो. दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं पाहून मोठ्यांच्या माना वर होतात, आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी पाहून मुलं हरखतात. मेजवानीत मद्य आणि सिगार फिरवणारी ही गाडी, सुरई उचलली की थांबत असे. हा झाला शिंदे सरकारांचा इतिहास. आपल्या घरांचा इतिहास माळ्यावर असतो आणि त्याला तिकीट नसतं.

माधवगंजातलं आमचं जुनं घर विकायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा केला. हंडे, घंगाळं, परात, सगळं पितळ वजनावर गेलं. आजीच्या फणेरपेटीत मात्र वजनावर जाणार नाहीत अशा तीन वस्तू निघाल्या: एक नाणं, एक पाकीट आणि आगगाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट.

नाणं तांब्याचं, पाव आण्याचं. त्यावर माधवराव महाराजांचा मुखवटा आणि संवत १९७४, म्हणजे इसवी सन १९१७. पाकिटावरच्या पोस्टाच्या तिकिटावर मात्र पंचम जॉर्ज, आणि त्याच्यावर काळ्या शाईत छापलेलं ‘ग्वालियर’. ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटं अशी नाव छापून आपल्या संस्थानात १८८५ पासून चालत. म्हणजे पणजोबांच्या खिशात महाराज आणि पाकिटावर बादशहा! ‘संस्थान’ म्हणजे काय, हे शाळेतल्या धड्यापेक्षा मला या दोन वस्तूंनी नीट समजावलं.

तिसरी वस्तू आपल्या छोट्या गाडीची. माधवराव महाराजांनी घातलेल्या या रेल्वेच्या दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर. एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला आणि एक श्योपूरला जाई. श्योपूरचा मार्ग जवळजवळ २०० किलोमीटरचा, त्या मापाच्या रुळांवरचा जगातला सर्वांत लांब म्हणून ओळखला जाणारा. तो २०२० मध्ये बंद झाला आणि तिथे रुंद रुळांचं काम सुरू झालं. चांदीची गाडी महालात सांभाळली गेली. लोकांची गाडी आता अशा तिकिटांत आणि ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांच्या बोलण्यात उरली आहे.

पाकिटात पत्रही होतं, पण मोडीत. आमच्या घरात ते कुणालाच वाचता येईना. शेवटी मोडी जाणणाऱ्या एका काकांनी ते वाचून दाखवलं. पणजोबा नोकरीनिमित्त शिवपुरीला होते. पत्रात संस्थान नाही, महाराज नाहीत. दहा रुपये पाठवले आहेत, वाण्याचं देणं आधी द्या, आणि धाकट्याचा ताप उतरला की नाही ते उलट टपाली कळवा, एवढंच. तो धाकटा म्हणजे माझे आजोबा. ते अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, तेव्हा ताप उतरला असणार! पण उत्तर येईपर्यंतचे ते चार-सहा दिवस पणजोबांनी कसे काढले असतील, हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

आपल्यापैकी बरेच जण आता पुणे, बंगळुरू किंवा परदेशात आहोत. लष्करमधली जुनी घरं एकेक करून विकली जात आहेत. वस्तू वाटून घेताना आपण विचारतो, ‘हे कोण नेणार?’ त्याआधी ‘हे कुणाचं?’ असं विचारायला हवं. मोबाइलवर फोटो काढायला मिनिट लागतं. त्याखाली वस्तू कुणाची, कुठून आली आणि हे सांगितलं कुणी, एवढ्या तीन ओळी लिहायला पाच मिनिटं. मात्र त्या ओळी सांगणारी आत्या, आजी, काका आहेत तोवरच हे जमेल. आमच्या तिकिटावरचं गावाचं नाव पुसलं गेलं आहे. त्या गाडीने कोण कुठे गेलं होतं, हे आजीला नक्की माहीत असणार. आता विचारायला ती नाही.