पाल्याची गोडी

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर नावाचे मोठे बाजारगाव आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याचे सारे आयुष्य मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत आणि शेळ्यांच्या संगतीत गेले. त्यांचा नातू मात्र दूर ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरी राहतो. मंचरला दुपार कलू लागली की सिडनीत दिवे लागतात, आणि त्या वेळी आजोबा-नातवाचे दूरध्वनीवर बोलणे होते.

एके दिवशी नातवाचा स्वर रडवेला होता. "आजोबा, माझा सरडा पाला खातच नाही हो!"

हा सरडा आपल्या कुंपणावरचा नव्हे. तो ऑस्ट्रेलियातील रुक्ष, उष्ण प्रदेशातला. त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला ड्रॅगन म्हणतात. तो भ्यायला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, जणू दाढीच! तेथील सरकारचा रीतसर परवाना घेऊन तो पाळलेला होता. लहानपणी हा प्राणी मुख्यतः किडे खातो; मोठेपणी मात्र त्याच्या आहारात पालाच अधिक असावा लागतो. या सरड्याला अळ्यांची चटक लागली होती. तो स्थूल आणि सुस्त झाला होता. हे असेच चालले तर त्याच्या जिवाला धोका आहे, असे पशुवैद्यांनी बजावले होते.

"आज मी त्याचे तोंड उघडून पान आत कोंबले. आता मी जवळ गेलो की तो दाढी फुगवतो," नातू म्हणाला.

आजोबा क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "बाळ, तुझ्याएवढा असताना मीही हेच केले होते. आमच्या गोठ्यात एक पोरके करडू होते. दुधावाचून ते कशालाच तोंड लावीना. मी बळेच त्याला पाला चारला. दुसऱ्या दिवसापासून मला पाहताच ते कोपऱ्यात दडू लागले. तेव्हा माझ्या आईने बोरीची डहाळी आढ्याला टांगली. ती वाऱ्याने हले, इतर शेळ्या तिची पाने ओरबाडीत. काही दिवसांनी करडानेही आपण होऊन मान उंचावली. ते पाला खाऊ लागले. पण माझ्या हातून त्याने पुढे कधीच काही घेतले नाही. तुझ्या सरड्याला भूक केव्हा लागते, ऊब कितपत मिळते, ते आधी नीट पाहा."

नातवाने नीट पाहिले. अंग तापल्यावाचून सरड्याला अन्न पचत नाही. म्हणून सकाळी दिव्याखाली तो उबदार झाला की नातू प्रथम पाला ठेवी, अळ्या मागाहून आणि मोजक्याच देई. मोहरीची आणि जास्वंदीची पाने तो बारीक चिरी, वर तांबड्या भोपळ्याचा कीस भुरभुरवी. पालक मात्र क्वचितच देई. कारण पालकातील ऑक्झॅलेटमुळे हाडांना लागणारे कॅल्शियम अंगी लागत नाही. हलत्या वस्तूकडे सरड्याची नजर चटकन वळते. म्हणून एक पान दोऱ्याला बांधून तो हळूच हलवी आणि मग दूर जाऊन बसे. कितीतरी दिवस पाने तशीच सुकून गेली. नातवाने पुन्हा बळजबरी केली नाही.

एके दुपारी मंचरच्या ओसरीवर दूरध्वनी वाजला. "आजोबा, आज त्याने जास्वंदीचे एक पान खाल्ले! एकच हं, बाकीची टाकून दिली."

"एक पुष्कळ झाले. आणि तू जवळ गेलास तेव्हा?"

"दाढी फुगवली नाही, आजोबा."

आजोबांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू उमटले. "मग काळजी नाही," ते म्हणाले. "उद्या दुसरे पान खाईल."