लिमात उतरायचं कुठं?

पलूस,
2 डिसेंबर 2025

चि. भाचेसाहेब यांस,


जानेवारीत पेरूतल्या द्राक्षबागा बघायला निघालास, हे फार बरं केलंस. तिथल्या इका भागात तेव्हा काढणी जोरात असते आणि आपल्याकडे मण्यात पाणी उतरायची वेळ. ताईला सांग, तुझ्या प्लॉटवर मी लक्ष ठेवीन.

लिमात कुठं उतरू म्हणून विचारलंस आणि हॉटेलांची यादीही पाठवलीस. फोटो छान आहेत. तरी त्याआधी दोन गोष्टी बघ: दुसऱ्या दिवशी सकाळी जायचंय कुठं, आणि रात्री जेवून परत कुठल्या रस्त्यानं यायचंय. आपल्याच भागात बघ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंधच्या संस्थानिकांच्या मदतीनं कारखाना मांडला, तो कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. शेजारून रूळ मात्र गेले होते. कामगारांची घरंही कारखान्याजवळच उठली. जागा कशी निवडावी ते आपल्या भागाला नव्यानं शिकवायला नको.

यादीतलं पहिलं हॉटेल विमानतळाजवळचं आहे. विमानतळ कायाओ बंदराच्या भागात, शहराच्या वायव्येला. बंदराची ती बाजू रात्री पायी फिरायची नव्हे. पहाटेचं विमान असेल तरच तिथं राहा. 'टर्मिनलसमोर' असं लिहिलं असेल तर नीट विचार, कारण जून 2025 पासून नवं टर्मिनल सुरू झालंय आणि जुन्या टर्मिनलासमोरून तिथं गाडीनंच जावं लागतं. उतरल्यावर बाहेर ओरडणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे जाऊ नकोस. आतल्या काउंटरवरून गाडी ठरव. संध्याकाळच्या गर्दीत शहरात पोचायला तासाच्या वर लागू शकतो.

जुनं शहर स्वस्त पडेल. स्पॅनिश सरदार पिसारोनं 1535 साली वसवलेलं ते गाव, जागतिक वारशाच्या यादीत आहे. चौक, कॅथेड्रल, लाकडी सज्जे, सगळं बघ. पण दिवसा. दुकानं मिटली की बऱ्याच गल्ल्या ओस पडतात, आणि मोर्चे निघाले की त्याच भागातले रस्ते बंद होतात. 2010 पासून मेट्रोपोलितानो नावाची बस स्वतःच्या राखीव मार्गानं धावते. बारांको, मिराफ्लोरेस, सान इसिद्रो या दक्षिणेकडच्या वस्त्यांतून ती थेट जुन्या शहरात नेते. म्हणून तिथं मुक्काम करायची गरज नाही.

आता या तीन वस्त्या. बारांको जुन्या वाड्यांचा आणि गाण्याबजावण्याचा. शनिवारी रात्री झोप विसर. मिराफ्लोरेस समुद्रावरच्या कड्यावर आहे, रात्रीही माणसांची वर्दळ असते, कड्याच्या काठानं चालायला बागा आहेत. समुद्रासमोरच्या खोलीला जादा पैसे मागतात; हिवाळ्यात, म्हणजे जूनपासून पुढं, धुक्यात समुद्रच दिसत नाही. जानेवारीत ऊन असतं, तेव्हा परवडत असेल तर घे. सान इसिद्रो कचेऱ्यांचा, शांत, थोडा महाग.

पण तुझं काम इकाला आहे. लिमापासून दक्षिणेला सुमारे 300 किलोमीटर, बसनं चार-पाच तास. लिमात बहुतेक मोठ्या बस कंपन्यांचा आपापला वेगळा थांबा असतो. आपल्या एसटीसारखं एकाच स्टँडवर काम भागत नाही. त्यातले बरेच हाविएर प्रादो रस्त्याच्या आसपास आहेत आणि सान इसिद्रोहून ते जवळ पडतात. पहाटेची बस धरायची तर हेच सोयीचं. इकाला पोचल्यावर मुक्काम गावातच कर. जवळच वाकाचिना नावाचं वाळूच्या टेकड्यांतलं तळं आहे. प्रवासी तिकडे धावतात, पण रात्री उशिरापर्यंत दंगा असतो आणि तुला तर सकाळी लवकर बागेवर जायचंय.

खोली घेताना तीन गोष्टी विचार. परदेशी पाहुण्याला खोलीवरचा विक्रीकर (साधारण 18 टक्के) माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात शिरल्याची नोंद दाखवावी लागते, ती सूट धरून भाव सांगायला लाव. दुसरं, नळाचं पाणी पिऊ नकोस. खोलीत किटली आहे का बघ. तिसरं, तो भूकंपाचा मुलूख आहे. इमारतीत हिरव्या पाटीवर पांढरा 'एस' असतो, ती भूकंपात उभं राहायची जागा. गेल्या गेल्या बघून ठेव. जेवणाची काळजी नको. भात सगळीकडे मिळतो, आणि सोमवारी मसूर-भात खायची तिथं रीतच आहे. 'मांसाशिवाय' एवढं स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून खिशात ठेव.

माझं मत सरळ आहे: जाताना सान इसिद्रो, बाकीचे दिवस इका, आणि परतताना हौसेला मिराफ्लोरेस. तिकिटाच्या तारखा पक्क्या होईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली धर आणि पत्ते ताईकडे लिहून ठेव. लिमात सकाळ होते तेव्हा इथं संध्याकाळ असते. साडेदहा तासांचा फरक धरून फोन कर.

तुझा,
मामा