पाणी जाणार कुठे?

2024 च्या मे महिन्यात आमच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक उचलायला गवंडी आला, तेव्हा हातात पहार धरून तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "चाची, सहा वर्षांपूर्वी हे मीच बसवलेत. एक तरी हलतोय का बघा! मग काढायचे कशाला?" त्याचं काम खरंच चोख होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती. ती कशी, हे त्याला उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. कोण जाणे, तुमच्यापैकी कुणाच्या दारात सध्या ब्लॉकचा ट्रक उभा असेल.

आमचं घर दापोली तालुक्यातलं. पुढे अंगण, मागे परसात विहीर. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा अंगणावर राज्य सासूबाईंचं होतं. सगळा मोहल्ला त्यांना खाला म्हणायचा, मी अम्मा म्हणायचे. फजरची नमाज झाली की त्या खराटा हातात घेत. पण झाडण्याची त्यांची एक रीत होती. पायरीसमोरचा तुकडा तेवढा पावसाळा संपला की चोपून, शेणाने सारवून टणक करायचा. तिथे भात, आमसुलं, सुकट वाळत पडायची. उरलेल्या अंगणातला पालापाचोळा गोळा करून त्या माडांच्या आळ्यात आणि फणसाच्या बुंध्याशी लोटत. वुजूचं पाणी पन्हळीतून न्हाणीमागच्या केळींना जायचं. मासे धुतलेलं पाणी माडाला. आणि उकळतं पाणी निवल्याशिवाय मातीत ओतायचं नाही, ही तर सक्त ताकीद. "खाली जीव असतात," एवढंच त्या म्हणायच्या.

मला हे सगळं जुनाट वाटायचं. पाला साठवला की विंचू-साप येतात, असं मी म्हणायचे. अम्मांचे गुडघे दुखायला लागले आणि झाडलोट माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिलं काम केलं ते पाला जाळण्याचं. रोज संध्याकाळी कोपऱ्यात ढीग पेटवायचा, त्यातच दुधाच्या पिशव्या. पाच मिनिटांत अंगण लख्ख. शेजारच्या घरातल्या आजीला दमा होता, त्यांची खिडकी त्या वेळी बंद व्हायची. कधी तक्रार आली नाही, म्हणून मीही कधी विचार केला नाही.

2018 साली मुलीचा निकाह ठरला. हे कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आले. पाहुणे येणार, मांडव पडणार, वर जूनचा पाऊस तोंडावर. मोहल्ल्यात आठ-नऊ अंगणांत ब्लॉक बसले होते. आमचंच तेवढं मातीचं. मीच ह्यांच्या मागे लागले. गवंड्याने सहा इंच माती उकरून बाहेर टाकली, मुरूम आणि दगडाची भुकटी पसरून यंत्राने दाबली आणि वर लाल-करडे ब्लॉक मांडले. अम्मा पडवीत बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "पावसाचं पाणी जाणार कुठे?"

मी म्हटलं, "गटारात जाईल, अम्मा."

"आणि विहिरीत?"

कामाच्या गडबडीत मी चिडून बोलले, "तुम्हाला पाहुण्यांच्या पायांना चिखलच लागायला हवाय का?" त्या पुढे काही बोलल्या नाहीत. निकाह थाटात झाला. फोटो सुरेख आले.

पहिला फटका बसला तो फणसाला. हा फणस माझ्या मरहूम सासऱ्यांनी लावलेला. गवंड्याने बुंध्याभोवती दोन फुटांचा चौकोन मोकळा सोडला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. ती दूरवर, वरच्या फूट-दोन फुटांच्या मातीत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती सगळी दाबलेल्या मुरुमाखाली गेली. त्यात अंगणाचा उतार थोडा फणसाकडे होता. पावसाळाभर त्या चौकोनात डबकं साचून राहिलं, आणि फणसाला तुंबलेलं पाणी मुळीच सोसत नाही. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, तिसऱ्या वर्षी फांद्या वाळल्या. 2021 मध्ये तो तोडावा लागला.

दुसरा फटका अम्मांना. असरनंतर अंगणात फणसाखाली खुर्ची टाकून बसणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. ब्लॉक दिवसभर तापायचे आणि मगरिबपर्यंत वाफ सोडायचे. पावसाळ्यात त्यांच्यावर बुळबुळीत शेवाळ यायचं, तेव्हा घसरण्याची भीती. हळूहळू त्या पडवीतच बसू लागल्या, मग आतल्या खोलीत. मी म्हणायचे, वय झालं. वय झालं होतंच, पण त्यांची बसायची जागा मी काढून घेतली होती, हेही तितकंच खरं आहे. 2021 च्या हिवाळ्यात त्यांचा इंतकाल झाला.

ब्लॉकच्या सांध्यांतून गवत उगवायला लागलं. एवढा खर्च केलेला, ते डोळ्यांत खुपायचं. मी तणनाशक आणून दोन वर्षं मारलं, ग्लायफोसेट. 2022 साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले, हे मला पुढे कळलं. हे औषध गवत आणि झाड असा भेद करत नाही, ज्या हिरव्या पानावर पडेल ते पान मरतं. दुसऱ्या वर्षी फवारताना वारा सुटला होता. कुंपणाची मेंदी अर्धी वाळून गेली. त्याच मेंदीचा पाला वाटून अम्मा ईदच्या आदल्या रात्री सगळ्या मुलींचे हात रंगवायच्या. त्या ईदला मी बाजारातून मेंदीचे कोन आणले.

मग उलट्याच गोष्टी दिसू लागल्या. गोगलगायी वाढल्या. वाफ्यातलं पालकाचं पान रात्रीत चाळणी व्हायचं. आणि मे-जूनमध्ये अंगणात लुकलुकणारे काजवे दिसेनासे झाले. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काजव्याची अळी ओलसर पाल्यात आणि मातीत महिनोन्‌महिने वाढते आणि गोगलगायी हा तिचा आवडता खुराक. पाला मी जाळला, माती झाकली, वर अंगणात रात्रभर पांढरा दिवा. काजवे एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात, त्यांना या झगझगाटात जोडीदार कसा सापडणार? पाला उलटापालटा करत किडे टिपणारे सातभाई पक्षीही आमच्याकडे यायचे बंद झाले. त्यांचं खाणं मीच रोज संध्याकाळी पेटवत होते.

माझे डोळे उघडले ते नातीमुळे. 2023 च्या पावसाळ्यात ती सुट्टीला आली होती. शाळेत गांडूळ दाखवायला न्यायचं होतं. कोकणात, भर पावसात, गांडूळ! मी हसले आणि म्हटलं, हवी तेवढी घे. आम्ही दोघींनी अंगणाच्या कडा, फणसाचा रिकामा चौकोन, कुंपणाची माती, सगळं उकरलं. एकही सापडलं नाही. शेवटी न्हाणीमागे अम्मांच्या केळींपाशी गेलो. ती जागा आडबाजूला, म्हणून ब्लॉकमधून सुटलेली. खुरपं सहज आत गेलं. माती काळसर, रवाळ, पावसाचा वास येणारी. पहिल्याच ढेकळात चार गांडुळं निघाली. नात आनंदाने ओरडली. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिले.

त्या दिवशी मी एक साधा प्रयोग केला, तो तुम्हीही घरी करू शकता. तेलाचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापून नळकांडं केलं, दोन इंच मातीत दाबलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. केळींपाशी पाणी मिनिटाच्या आत मुरलं. अंगणाच्या कडेला, दाबलेल्या मातीत, अर्ध्या तासानंतरही ते तसंच उभं होतं.

मग वही घेऊन हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. आमचं अंगण 40 फूट लांब, 30 फूट रुंद, म्हणजे सुमारे 111 चौरस मीटर. आमच्या भागात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एका अंगणावर वर्षाला सव्वातीन लाख लिटरहून जास्त पाणी. 10 हजार लिटरचे 33 टँकर! ते सगळंच काही मुरत नाही, पण आम्ही जवळजवळ सगळंच गटारात सोडत होतो, आणि एप्रिलमध्ये टँकरसाठी हंडे लावून उभे राहत होतो. पूर्वी मेच्या मध्यापर्यंत पुरणारी आमची विहीर आता मार्चअखेर तळ दाखवते. त्याला मोहल्ल्यातल्या बोअरवेलही कारण आहेत, दोष एकट्या अंगणाचा नाही. पण जांभ्या दगडाच्या या जमिनीत पाणी जसं पटकन मुरतं तसंच पटकन वाहूनही जातं. वर पालापाचोळा आणि भुसभुशीत माती असेल तर ते थोडं थांबतं. अम्मांनी विचारलेल्या सवालाचं उत्तर पाच वर्षांनी माझ्या वहीत आलं होतं, आणि ऐकायला त्या नव्हत्या.

ब्लॉक काढायचे म्हटल्यावर घरात वाद झाला. हे म्हणाले, "पैसे खर्चून बसवले, आता पैसे खर्चून काढायचे?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाहुणे, गाडी, म्हातारपणी चालणं, सगळ्याचा विचार हवाच. शेवटी फाटकापासून पायरीपर्यंत एक पट्टा ठेवला, बाकीचं मोकळं केलं. निघालेले ब्लॉक परसातल्या वाटेला लागले.

खालची माती पाहून मात्र मन खचलं. विटेसारखी घट्ट. मुरूम उपसला, कुदळीने वरवर सैल केलं, शेणखत टाकलं आणि पहिल्या पावसाबरोबर चवळी पेरली. चवळीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि मुळं दाबलेली माती फोडतात. वेल फुलावर आले की कापून तिथेच पसरले. वर पाला. जाळणं पूर्ण बंद. पाला जाळला की त्यातला नत्र आणि सेंद्रिय अंश धुरात जातो, उरलेली राख पहिल्या सरीत वाहून जाते. कुजवला तर तोच पाला मातीच्या पोटात जातो. विंचवा-सापाची भीती होती, म्हणून पाला भिंतीपासून तीन-चार हात लांब ठेवला. रात्रीचा दिवा गरजेपुरता लावतो.

पहिल्या वर्षी पाणी साचलंच. शेजारणी हसल्या. दुसऱ्या वर्षी, 2025 च्या पावसात, तेच पाणी मुरताना दिसलं. ऑगस्टमध्ये मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांची रास दिसली. चार्ल्स डार्विन यांचं 1881 सालचं शेवटचं पुस्तक गांडुळांवरच होतं. खालची माती वर आणून हे छोटे जीव शेताचा वरचा थर हळूहळू कसा बदलून टाकतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं होतं. अम्मांनी ते पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त "खाली जीव असतात" एवढं ठाऊक होतं.

सगळं पूर्ववत झालं, असं मी म्हणणार नाही. विहिरीचं पाणी वाढलेलं नाही. एका अंगणाने ते वाढणारही नाही. काजवे यंदा दिसले, पण मोजून पाच. मेंदीला खालून नवी फूट आली आहे. सातभाई मात्र टोळीने परतले आहेत आणि सकाळी पाल्यात असा गोंधळ घालतात की झाडण्याचं काम दुप्पट होतं. मोहल्ल्यातल्या आणखी दोन घरांनी अर्ध्या अंगणाचे ब्लॉक काढले आहेत.

शेजारच्या दमेकरी आजींकडे मी एक दिवस गेले आणि धुराबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या फणसाची आठळी आमच्या मागे रुजली होती, त्याला आता फणस लागतात. आठळ्या ने." त्या आठळ्यांतलं एक रोप आता जुन्या जागेपासून थोडं उंचवट्यावर लावलं आहे, पाणी तुंबणार नाही अशा बेताने. फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील. मी आज 58 वर्षांची आहे. झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून मला घाई नाही.

भगिनींनो, सगळं अंगण उखडा असं माझं सांगणं नाही. एक कोपरा मातीचा राहू द्या. पाला जाळू नका. वुजूचं पाणी एखाद्या झाडाला जाईल एवढी पन्हळ काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका.

परवा नात बटाटे उकडलेलं पाणी घेऊन अंगणाकडे निघाली होती. मी आतून हाक मारली, "थांब, निवू दे आधी."

"का, नानी?"

"खाली जीव असतात."