जुन्या गाडीचे मोल

वय वाढले की माणसाची किंमत उतरते आणि काही वस्तूंची मात्र चढत जाते, हा सृष्टीतला पक्षपात मला फार दिवस सलत आला आहे. पैठणी जुनी झाली की आजीची म्हणून मिरवते. आजी जुनी झाली की तिला खोकला कमी कर म्हणून सांगतात! पण वस्तूंमध्येही सगळ्यांचे दैव सारखे नसते. सोलापूरच्या भंगारबाजारात जाऊन पाहा. तिथे लोखंड किलोवर जाते. ते गिरणीतल्या मागाचे की वकिलाच्या गाडीचे, याची चौकशी तराजू कधी करीत नाही.

आणि याच जगात, २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात, न्यूयॉर्कच्या एका लिलावात १९६२ सालची एक लाल फेरारी ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. आपल्या हिशेबाने चारशे कोटी रुपयांच्या वर! नवी होती तेव्हा या २५० जीटीओ जातीची गाडी अमेरिकेत सुमारे १८ हजार डॉलरला मिळत असे. वजन टनभरही नाही. मग एवढे पैसे मोजले ते कशाचे?

या व्यापारातले जाणते सांगतात, की पहिला प्रश्न असतो : अशा किती? १९६२ ते १९६४ या काळात अशा गाड्या जेमतेम ३६ झाल्या. पण नुसते दुर्मिळ असून भागत नाही. आपल्या गोव्यात १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, छानदार स्पोर्ट्‌स गाडी निघाली होती. तीही फार थोड्या खपल्या. पण तिच्यासाठी कोणी कोट्यवधी मोजल्याचे ऐकिवात नाही. थोड्या असणे वेगळे, आणि थोड्या असून पुष्कळांना हव्याशा वाटणे वेगळे. उपवर मुलींच्या बापांना हे सांगायला नको!

दुसरा प्रश्न कुळाचा. ती लाल फेरारी खुद्द कारखान्याच्या संघाने शर्यतीत उतरवलेली होती आणि नूरबुर्गरिंगच्या १००० किलोमीटरच्या शर्यतीत ती दुसरी आली होती. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली, लंडनच्या कारागिरांकडून तिच्यावर अंग चढवून घेतले आणि तिला केशरी-काळा रंग दिला. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली; पण आजही तिची ओळख ‘इंदूरच्या महाराजांची’ अशीच करून देतात. घराणे सुटले तरी आडनाव सुटले नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : ही तीच आहे का? चॅसिसवरचा आकडा, इंजिनावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला पाहिजे. इंजिन बदलले की गाडी चालते, पण किंमत लंगडते.

हे सगळे मला कळले ते मामांच्या फियाटमुळे. फियाट म्हणजे काही शर्यतीची गाडी नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण नियम तोच लागतो. शिवाय तिचे कुळ आमच्या गावचे! सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजे काढली, विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘फियाट ११००’ बाहेर पडली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ पर्यंत धावली. आमच्या आजोबांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, वकिलीच्या पैशांतून १९६६ साली अशीच एक घेतली होती. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या नातीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि वसतिगृहाचा खर्च दारात उभा राहिला. मामी म्हणाल्या, “ती गाडी सावलीत बसून खातेय. पोरगी उन्हात हिंडायची का?” मामा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी होटगी रस्त्यावरच्या रंगाऱ्याला बोलावले. नवा चकचकीत रंग दिला तर गिऱ्हाईक खूष होईल, हा त्यांचा हिशेब.

सुदैवाने पुण्याचा गिऱ्हाईक रंगाऱ्याच्या आधी पोहोचला. तिशीचा तरुण. त्याने फिकट झालेल्या रंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, “काका, याला हात लावू नका. रंग कधीही देता येतो. हा मूळचा रंग एकदा गेला की परत येत नाही.” २०२१ साली सरकारनेही ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, हेही त्यानेच सांगितले.

मग त्याने बॉनेट उघडले. इंजिनावरचा आकडा ग्रीस आणि मातीखाली गाडलेला. मामांनी रॉकेलचा बोळा आणला. मी नोंदणीचे पुस्तक धरून उभा. एकेक आकडा वर येऊ लागला आणि मी एकेक वाचू लागलो. मध्ये एका आकड्यापाशी तो अडला. तीन आहे की आठ? मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पोराने पुन्हा पुसले. आठ होता. कागदावरही आठ होता!

पण खरी मौज पुढे झाली. मामा त्याला गाडीच्या आठवणी सांगू लागले : तुळजापूरची पहिली खेप, अक्कलकोटला जाताना फुटलेले टायर, पंढरपूरच्या वाटेवर लागलेला पाऊस. तो सभ्यपणे ऐकत होता, इतकेच. मग मामांनी पत्र्याच्या पेटीतून आजोबांची वही काढली. वकिली अक्षरात प्रत्येक फेरीची तारीख, मैल, पेट्रोलचा खर्च. आणि सोबत खरेदीची पावती. पोरगा ओट्यावर बसलाच! त्याच त्या आठवणी. पण तोंडी होत्या तोवर म्हातारपणाची बडबड, आणि कागदावर दिसताच पुरावा. वहीसकट गाडी द्याल तर आकडा वाढवतो, म्हणाला. वाढवलेल्या आकड्यात नातीचे पहिले वर्ष निघत होते.

२०२२ साली स्टुटगार्टच्या संग्रहालयात १९५५ सालची एक मर्सिडीज १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. अशा दोनच केल्या होत्या. जगात मोटारीला आजवर इतके पैसे कोणी दिल्याचे माहीत नाही, आणि ते पैसे कंपनीने तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवले. मी ही बातमी मामांना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे त्यांच्याही घरी नात असेल की!”

गाडी त्यांनी दिली. वही मात्र लगेच दिली नाही. आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मामी चष्मा लावून बसल्या आणि दुपारच्या वेळी ती सगळी वही त्यांनी नातीकडून दुसऱ्या वहीत उतरवून घेतली. बाजार म्हणेल, नकलेला किंमत नाही. खरे आहे. पण मामा रोज रात्री वाचतात ती नक्कलच.